पाटावरची बुंदी: टॉय पॉमच्या मानेतल्या निसटत्या सांध्याचं प्रकरण

बुंदी पहिल्यांदा माझ्याकडे आली ती पोळ्याच्या आधीच्या गुरुवारी. टॉय पॉमेरेनियन, मादी, वय ११ महिने, वजन २.१ किलो. घर नागपूरच्या महाल भागात. सोबत आजी आणि बारावीत शिकणारी नात.

आजींची तक्रार अशी होती: "डॉक्टर, वाटी खाली ठेवली का तोंड फिरवते अन् पाटावर ठेवली का बरोब्बर खाते. नुसते नखरे करून राहिली."

मी हसलो. हे प्रकरण लिहायला घेतलं त्याचं एक कारण ते हसणं आहे. त्या वाक्यात अर्धं निदान होतं आणि मी ते ऐकूनही ऐकलं नाही. कुत्र्याला भूक आहे, वाटी छातीच्या उंचीवर आली की तो खातो, जमिनीवर गेली की खात नाही. म्हणजे तक्रार पोटाची नाही, तोंडाचीही नाही. मान खाली वाकवायची त्याला भीती वाटते आहे.

मी तोंड उघडून पाहिलं. वरचे दुधाचे दोन्ही सुळे पडलेले नव्हते, पक्क्या सुळ्यांना खेटून उभे होते. छोट्या जातींत हे नेहमीचं. मधल्या फटीत अन्न अडकून हिरडी लाल झाली होती. कारण हाती लागलं, म्हणून मी पुढे शोधायचं थांबलो. आमच्या धंद्यात ही चूक नवीन नाही, पण माझ्या हातून ती तपासणीच्या चौथ्या मिनिटाला झाली. मेलॉक्सिकॅम हे वेदनाशामक पाच दिवस, मऊ खाणं, आणि कागदाच्या तळाशी माझ्या अक्षरात: "आराम द्यावा."

मेलॉक्सिकॅमचं गणित इथेच सांगतो, कारण छोट्या कुत्र्यांत घोळ नेमका तिथे होतो. पहिल्या दिवशी किलोमागे ०.२ मिलीग्रॅम, नंतर रोज ०.१. बुंदीला रोजचे जेमतेम ०.२१ मिलीग्रॅम. माणसांची गोळी येते ७.५ मिलीग्रॅमची, म्हणजे एका गोळीत बुंदीचा महिन्याहून जास्त दिवसांचा डोस. म्हणून जनावरांसाठीचं पातळ औषध, बिनसुईच्या १ मिलीच्या सिरिंजने. आजी गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक घेत होत्या. त्यातलं काही कुत्रीला दिलं का, हे मी न चुकता विचारतो. दिलं नव्हतं. कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडांना ते औषध फार वाईट. गुरांना देण्यावर तर त्याच्यावर २००६ पासून बंदीच आहे, तीही गिधाडांमुळे. मेलेल्या गुरातून गिधाडांच्या पोटात गेलेल्या डायक्लोफेनॅकने आपल्याकडची गिधाडं संपत आली, आणि त्याच्या जागी सुरक्षित म्हणून सुचवलं गेलं ते हेच मेलॉक्सिकॅम. विषयांतर झालं, पण ही बाटली हातात घेतली की मला दरवेळी गिधाडं आठवतात.

तर बुंदीला औषध लागू पडलं. शनिवारी नातीचा मेसेज आला, "सर, एकदम ओके आहे, खाली ठेवलेलंही खाऊन राहिली." मी अंगठा पाठवला.

दुखणं थांबलं होतं. सांधा होता तसाच ढिला होता. दुखतं आहे तोवर कुत्रा स्वतःची मान स्वतः सांभाळतो, मानेचे स्नायू लाकडासारखे ताठ करून ठेवतो. ती ताठरता हाच त्याचा पट्टा. मी औषध देऊन तो पट्टा काढला आणि त्याच्या जागी "आराम द्यावा" एवढे दोन शब्द दिले. पोळ्याच्या संध्याकाळी घरात पाहुणे, पुरणाचा वास, मुलांचा गोंधळ. बुंदीने दिवाणावरून खाली उडी मारली. दीड फूट. एकदा किंचाळली आणि कोपऱ्यात जाऊन बसली. सकाळी उठली नाही.

मारबतीच्या दिवशी

दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. नागपूरकराला सांगायला नको, त्या दिवशी महालातून बाहेर पडायचं म्हणजे काय. काळी आणि पिवळी मारबत निघालेली, बडगे निघालेले (रोगराई घालवायला मिरवत नेतात ते पुतळे), रस्ते बंद. नातीचा फोन आला तेव्हा मागून ढोलांचा आवाज येत होता. "सर, ती उभीच नाही होऊन राहिली. चारही पाय असे पसरले."

फोनवर मी पहिल्यांदा एवढंच विचारलं: श्वास कसा चाललाय, छाती वरखाली होते का? होत होती. मग सांगितलं, तिला उचलू नका. आपण छोटा कुत्रा उचलतो तो काखेत हात घालून. पुढचं धड वर येतं, डोकं पुढे लोंबतं, आणि मानेचा सांधा निसटलेला असेल तर नेमका तोच बाक जीवघेणा ठरतो. काहीतरी सपाट, कडक शोध, तिच्याशेजारी ठेव, खालची चादर ताणून तिला त्यावर सरकव. मानेच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या. गळ्यातला पट्टा कापून टाक. मानेवरून काहीही बांधू नकोस. ओढणी बांधायची ती छातीवरून आणि कमरेवरून.

घरात सपाट, कडक आणि बुंदीच्या मापाचं एकच होतं: तो पाट.

पोरगी पाट मांडीवर धरून ऑटोत बसली. मिरवणुकीला वळसा घालत, गल्ल्यांतून, पाऊण तासाने माझ्याकडे पोचली. वाटेत पोट्टे ओरडत होते, "रोगराई घेऊन जा गे मारबत." तिने हे मला नंतर सांगितलं. तेव्हा ती काहीच बोलत नव्हती.

बुंदीला मी पाटावरून उचललं नाही. पाट तसाच टेबलावर ठेवला.

आधी हातमोजे आणि लसीची वही. मज्जासंस्थेची लक्षणं असलेला कुत्रा आपल्या देशात टेबलावर आला की पहिला प्रश्न रेबीजचा, मग तो कितीही गोंडस असो. रेबीजची आणि डिस्टेंपरची लस वेळेवर होती, कुणी चावल्याचा इतिहास नव्हता. इतका छोटा कुत्रा उपाशी राहिला तर साखर उतरूनही असाच लुळा पडतो, म्हणून कानाच्या कडेतून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटर लावला. ८४. साखर नव्हे.

मग बुंदीकडे पाहत बसलो. दोन मिनिटं, हात न लावता. डोळे तरतरीत, माझ्याकडे बघणारे. नातीचा आवाज आला की शेपटी हलते. श्वास मिनिटाला ३०, छाती दोन्हीकडे सारखी फुगणारी. तोंड, बुबुळं, पापणी, गिळणं, सगळं ठीक. म्हणजे मेंदू जागेवर आहे.

मान सोडून बाकीचं तपासलं. मागच्या पायाच्या गुडघ्यावर हलकी टिचकी: पाय झटकन उडाला, हवा त्यापेक्षा जास्त. पुढच्या पंजाला चिमटा: पाय जोरात आखडला. पंजा उलटा करून पाटावर टेकवला तर निरोगी कुत्रा क्षणात सरळ करतो. बुंदीने चारपैकी एकही केला नाही. उजवा पुढचा तर तिला आपलाच वाटत नव्हता.

या तीन निरीक्षणांतून जागा सापडते. कुत्र्याच्या मानेत मणके सात, पण मज्जारज्जूतून बाहेर पडणाऱ्या नसांच्या जोड्या आठ. पुढच्या पायांची वायरिंग रज्जूच्या सहाव्या भागापासून छातीच्या दुसऱ्या भागापर्यंत निघते. मार तिथे असता तर पुढचे पाय ढिले, निर्जीव लागले असते आणि मागचे ताठ. बुंदीचे चारही अशक्त पण चारही ताठर, प्रतिक्षिप्त क्रिया चढलेल्या. म्हणजे मार त्याच्या वर, मानेच्या पहिल्या पाच भागांत. फक्त बोटं आणि एक चिमटा वापरून आपण मेंदू आणि खांदा यांच्यामधल्या काही सेंटिमीटरपर्यंत पोचलो.

खोल वेदना तपासणं राहिलं होतं. इथे नवशिके फसतात. चिमट्याने बोटाचं हाड दाबल्यावर पाय मागे ओढला गेला याचा अर्थ कुत्र्याला दुखलं असा होत नाही. पाय ओढणं हे रज्जूचं स्वतःचं काम, मेंदूला खबर न देताही ते होतं. कुत्र्याने वळून बघायला हवं, किंचाळायला हवं, निदान डोळे मोठे व्हायला हवेत. बुंदीने चारही वेळा माझ्याकडे पाहिलं आणि चौथ्यांदा गुरगुरली. इतकं गोड गुरगुरणं मी त्या आठवड्यात ऐकलं नव्हतं.

मान मी वाकवून पाहिली नाही. कॉलेजात असताना मान चारही दिशांना फिरवून कुठे दुखतं ते बघायचो. छोट्या जातीच्या तरुण कुत्र्यात ती सवय सोडली पाहिजे. कानांच्या मागे फक्त एक बोट टेकवलं. तिथले स्नायू थरथरत होते.

आता शक्यता मांडल्या. मानेतली गादी सरकणं हा छोट्या कुत्र्यांतला सर्वांत ओळखीचा आजार: डॅक्सहुंड, बीगल, शित्झू. त्यातही दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधली गादी जास्त. पण तो सहसा तीन वर्षांपुढचा रोग. अकरा महिन्यांत गादी वाळून फुटत नाही. छोट्या जातींत मेंदूच्या आवरणाला आणि मेंदूला विनाजंतू सूज येते, तीही मनात होती. पण दीड फुटांची उडी, रात्रीतून लुळेपणा, त्याआधी आठवडाभर मान खाली न घालणं, टॉय जात आणि वय वर्षाच्या आत, हे सगळं एकत्र धरलं तर बोट एकाच सांध्याकडे जातं.

'नाही'चा सांधा

कवटी आणि पहिला मणका यांच्यातला सांधा 'हो' म्हणतो, डोकं वरखाली करतो. पहिला आणि दुसरा मणका यांच्यातला सांधा 'नाही' म्हणतो. पहिला मणका ॲटलस, दुसरा ॲक्सिस. या दोघांत गादी नसते. ॲक्सिसच्या पुढच्या टोकाला दातासारखी एक खुंटी असते, ती ॲटलसच्या कड्यात बसते आणि आडव्या अस्थिबंधाने जागेवर धरली जाते. दारातल्या उखळीत फिरणारा खुंट ज्यांनी जुन्या वाड्यात पाहिला असेल त्यांना चित्र लगेच कळेल. टॉय जातींच्या काही पिल्लांत ही खुंटी जन्मतःच आखूड असते, कधी नसतेच, कधी अस्थिबंध कच्चे. दार टिकून असतं, पण कशावर, ते कुणी पाहिलेलं नसतं. मग एखादी उडी, पट्ट्याला बसलेला एखादा हिसका, मोठ्या कुत्र्याशी मस्ती. ॲक्सिस वर उचलला जातो आणि रज्जू त्याच्या व ॲटलसच्या कमानीच्या मध्ये चेंगरतो. कुत्र्यांतला हा विकार १९६७ साली पहिल्यांदा नीट मांडला गेला, आणि आजही तो वेळेवर ओळखला जात नाही. कारण बहुतेक वेळा तो आधी 'नखरे' म्हणून येतो.

एक्स-रे जागेपणीच काढला. झोपेचं इंजेक्शन दिलं की स्नायूंची पकड सुटते, आणि त्या क्षणी बुंदीचा सांधा फक्त स्नायूंच्या भरवशावर होता. पाटासकट प्लेटवर ठेवली, शिशाचे एप्रन घालून आम्ही दोघं, नाकाखाली कापसाची घडी, मान अगदी सरळ. लाकडाच्या रेषा फिल्मवर उतरल्या, त्या उतरू दिल्या. एकच फोटो, बाजूने. तोंड उघडून समोरून घेण्याचा फोटो पुस्तकात आहे, पण त्यात डोकं वाकवावं लागतं.

निरोगी कुत्र्यात ॲक्सिसचा वरचा काटा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा पुढे झुकून ॲटलसच्या कमानीवर आलेला दिसतो. दोघांत जेमतेम फट. बुंदीच्या फोटोत पातं मागे कलंडलेलं आणि मध्ये काळी पोकळी. मोजली, ६ मिलीमीटर. दोन किलोच्या कुत्रीत हे फार झालं. मान किंचित वाकवून फट वाढते का बघायची पद्धत आहे. गरज नव्हती. सरळ मानेतच दिसत होतं.

चाकू की पट्टा

त्या संध्याकाळी आजींशी आणि नातीशी जे बोलणं झालं ते बऱ्यापैकी लांबलं, आणि मी ते लांबू दिलं.

शस्त्रक्रिया म्हणजे गळ्याच्या बाजूने, श्वासनलिका बाजूला सारून, दोन मणके बारीक स्क्रू किंवा पिना आणि हाडाच्या सिमेंटने एकमेकांना जखडणं. ज्याला ती जमते त्याच्या हातात हा पक्का उपाय आहे. त्याआधी सीटी हवा, म्हणजे खुंटी आहे की नाही ते कळतं. खुंटी शाबूत असून नुसता अस्थिबंध तुटला असेल तर ती रज्जूत घुसते आणि चित्र जास्त वाईट. एमआरआय झाला तर रज्जूची सूज दिसते, शिवाय टॉय जातींत सोबतीला असू शकणारे मेंदूत पाणी साचण्यासारखे दोष. पण दीड मिलीमीटरचे स्क्रू बसवायचे ते अंड्याच्या कवचाइतक्या हाडात, आणि शेजारून श्वासाचे तंतू जातात. शस्त्रक्रियेच्या आसपास दगावणारे कुत्रे कमी नसतात. माझ्या हातात ही शस्त्रक्रिया नाही, हे मी स्पष्ट सांगितलं. ती करायला मुंबई-पुण्याकडे जावं लागलं असतं. समृद्धीवरून का असेना, सातशे-आठशे किलोमीटर, निसटत्या मानेसकट.

दुसरा मार्ग पट्ट्याचा. डोकं, मान आणि छाती एकत्र जखडायची आणि आठ ते दहा आठवडे पिंजऱ्यात ठेवायचं, म्हणजे सांध्याभोवती दोरखंडासारखी तंतुमय ऊती तयार होते आणि ती ॲक्सिसला धरून ठेवते. २००५ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात अशा १९ कुत्र्यांचा लेखाजोखा आला होता. ज्यांचा पुढचा माग लागला त्या १६ पैकी १० चांगले झाले. लक्षणं सुरू होऊन महिना उलटला नव्हता त्यांचं जास्त बरं झालं. बुंदीला आठवडा झाला होता.

"म्हणजे दहातल्या चार-एक जात्यात," आजी म्हणाल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेल्या बाई. मी हो म्हटलं. "अन् ऑपरेशनमध्ये?" मी म्हटलं, "काकू, चांगल्या हातात त्याहून कमी. पण प्रवास धरायचा, भूल धरायची. अन् पट्ट्याने सांधलेली मान पुढे कधी पुन्हा निसटूही शकते, तेही धरायचं."

पट्टा ठरला. पंधरा दिवसांत सुधारणा नाही किंवा एका जरी दिवशी बिघाड झाला तर मुंबई, हेही तेव्हाच ठरलं. सीटी मी सांगितला, पण आग्रह धरला नाही. त्यासाठी पूर्ण भूल द्यावी लागली असती आणि पट्ट्याचा निर्णय त्याने बदलला नसता. यात एक जोखीम मी पत्करली: रज्जूत सोबत दुसरं काही असतं तर ते मला दिसलं नसतं.

स्टेरॉइड दिलं नाही. मेलॉक्सिकॅम पोटात असताना वरून स्टेरॉइड म्हणजे आतड्याला भोक पाडायचं आमंत्रण. एके काळी मणक्याचा मार म्हटलं की मिथाइलप्रेडनिसोलोनचा मोठा डोस आम्ही डोळे मिटून द्यायचो. तो काळ गेला. मेलॉक्सिकॅम आणखी चार दिवस, आणि सोबत नसांच्या दुखण्यावरचं गॅबापेंटिन, किलोमागे १० मिलीग्रॅम, दर आठ तासांनी. शंभरची कॅप्सूल उघडायची, पावडर काळ्या कागदावर पसरायची, एटीएम कार्डाच्या कडेने पाच सारखे ढीग करायचे, एकेक ढीग तुपाच्या बोटावर. पोरीने ते इतकं नेटकं केलं की मी फोटो मागवून घेतला. माणसांचं पातळ गॅबापेंटिन कुत्र्याला देऊ नये. काहींत गोडीसाठी झायलिटॉल असतं आणि ते कुत्र्याला विष आहे.

पट्टा पहिल्या दिवशी मी चुकीचा बांधला. नुसत्या मानेभोवती, कॉलरसारखा. असा पट्टा सांधा धरत नाही, उलट टेकूसारखं काम करून सगळा जोर सांध्यावर आणतो. तासाभराने लक्षात आलं आणि सोडला. दुसरा बांधला तो हनुवटीखालून सुरू होऊन छातीच्या निम्म्यापर्यंत: आधी कापसाचा जाड थर, मग गळ्याच्या बाजूला मापाने वाकवलेली फायबरग्लास कास्टची पट्टी, पुढच्या पायांमधून काढून छातीवर आठाच्या आकड्यात गुंडाळलेली. कान बाहेर. हनुवटीशी बोटभर मोकळीक, म्हणजे जबडा उघडतो आणि उलटी झाली तर गुदमरत नाही. या वेळी किंचितसं ब्युटॉर्फेनॉल दिलं, गुंगीपुरतं. बांधून झाल्यावर अर्धा तास श्वास मोजत बसलो.

पेटी

आणि मग मी 'आराम' पुन्हा लिहिला. या वेळी असा: संत्र्याची प्लास्टिकची क्रेट, दीड फूट बाय एक फूट. तळाला चटई, वर शोषून घेणारा कपडा, दर चार तासांनी कूस बदलायची. बाहेर काढायची ती फक्त लघवी-शीसाठी, दोन हातांनी, एक तळवा छातीखाली आणि एक ढुंगणाखाली, पाठ आडवी. मांडीवर घ्यायची नाही. दया आली तरी घ्यायची नाही. वाटी क्रेटच्या कडेला, छातीच्या उंचीवर. आजींनी हा कागद फ्रिजवर चिकटवला.

पहिले तीन दिवस लघवी दाबून काढावी लागली. मार इतका वर असला की मूत्राशयाची झडप आवळून बसते, फुगा भरत राहतो आणि मग थेंब-थेंब गळतो. ते गळणं पाहून घरचे म्हणतात, होते की लघवी! नात शिकली. पोटाच्या मागच्या भागात लिंबाएवढा फुगा बोटांनी शोधायचा आणि मागच्या दिशेने हळूहळू दाबायचा. चौथ्या दिवशी बुंदीने स्वतः केली.

सहाव्या दिवशी मागचे पाय गोळा करून छातीवर बसली. सोळाव्या दिवशी क्रेटची कड धरून उभी राहिली, चार सेकंद. मला व्हिडिओ आला. मी पुन्हा अंगठा पाठवणार होतो. न पाठवता फोन केला: "बेटा, छान. आता खरी भीतीची वेळ. तिला बरं वाटू लागलंय."

मधले आठवडे जखमांचे. भाद्रपदातली नागपूरची दमट हवा आणि पॉमचे केस, दोन्ही पट्ट्याखाली. दर आठवड्याला पट्टा सोडून बांधायचा. त्यात दुसऱ्या आठवड्यात काखेत ओली, लाल चट्टी, आणि चौथ्यात डाव्या कानात यीस्ट. हनुवटीखाली फोड. दरवेळी दोघांनी डोकं आणि छाती एका रेषेत धरायची, तिसऱ्याने काम करायचं. मानेवरचे केस मशीनने काढले तेव्हा आजींना रडू आलं. चारही पाय लुळे पडले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या. महालक्ष्म्यांच्या जेवणाला घरात साठ माणूस होतं. क्रेट मागच्या खोलीत, दाराला कडी, कडीला चिठ्ठी: "आत बुंदी. उचलू नये."

पोळ्याची अमावस्या ते लक्ष्मीपूजनाची अमावस्या, बरोबर दोन महिने. म्हणजे आठ आठवड्यांनी पट्टा काढायचा तर तो ऐन फटाक्यांत. लडीच्या आवाजाने दचकून मान झटकली तर दोन महिने पाण्यात. म्हणून दिवाळी पट्ट्यातच काढली. पंखा चालू, खिडकीला गोधडी, तीन दिवस गॅबापेंटिन पुन्हा. दहाव्या आठवड्यात पट्टा काढला तोही एकदम नाही: आधी हलका, नुसत्या जाड बँडेजचा, आठ दिवस, मग मोकळी.

मोकळ्या मानेने बुंदी टेबलावर उभी राहिली आणि अंग झाडलं. कुत्रं अंग झाडतं त्याची सुरुवात डोक्यापासून होते. त्या दोन सेकंदांत मी श्वास घेतला नाही.

एक्स-रे पुन्हा काढला. फट ६ वरून ५ मिलीमीटर. बस्स, एवढाच फरक. हे मी मुद्दाम सांगतो, कारण फोटो सुधारेल या आशेने लोक येतात. तंतुमय ऊती एक्स-रेत दिसत नाही. ती आहे की नाही हे कुत्रीच्या चालण्यावरून ओळखायचं. बुंदी चालते. गुळगुळीत फरशीवर उजवा पुढचा पंजा अधूनमधून वळतो, नखांचा आवाज येतो, मग ती तो सरळ करते. घरात आता सतरंज्या आहेत. दिवाणाची खालची बाजू पुठ्ठ्याने आणि वरची उशांनी बंद. गळ्यात काही नाही, फिरायला छातीचा हार्नेस. पिल्लं कधीही काढायची नाहीत, कारण हा दोष कच्च्या बांधणीचा आहे आणि तो पुढे जाऊ शकतो.

नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून मी बाहेर पडलो त्याला वीसेक वर्षं होत आली. सेमिनरी हिल्सच्या त्या वर्गांत कुत्र्याची तपासणी नाकापासून शेपटीपर्यंत करायला शिकवली होती. तोंडात काहीतरी सापडलं की तिथेच थांबायचं, हे मी नंतर माझं मीच शिकलो. आता केस-पेपरवर मी एक ओळ छापून घेतली आहे: "वाटी कुठे ठेवता?" हसणारे हसतात. गेल्या महिन्यात त्या ओळीवर एका शित्झूचं उत्तर आलं, "सोफ्यावर," आणि मी आधी मान पाहिली. मान ठीक होती, दात किडले होते.

बुंदीच्या आजी परवा तपासणीला आल्या तेव्हा पिशवीतून पाट काढून टेबलावर ठेवला, त्यावर वाटी. बुंदीने खाल्लं. मग आजींनी मुद्दाम वाटी खाली टेबलावर ठेवली. बुंदीने मान वाकवली आणि वाटी चाटून पुसून काढली. "आता सांगा," आजी म्हणाल्या, "त्या दाताचं काय करता?"

दुधाचे ते दोन्ही सुळे अजून तिच्या तोंडात आहेत. ते काढायला पूर्ण भूल लागेल, भुलेत मानेचे स्नायू सैल पडतील, आणि घशात नळी घालताना डोकं मागे न्यावं लागेल. मी म्हटलं, "काकू, राहू द्या." तेवढ्यापुरता मी ब्रश आणून दिला.